एकच पाटी, सगळ्या पानांवर

(मंडळाच्या वर्धापनदिनी कामथडी येथे केलेले भाषण)



वर्धापनदिनाचे भाषण म्हटले की विषय बहुधा ठरलेले असतात : मुलांचे आरोग्य, घरातली काटकसर, फार तर एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र. यंदा कार्यकारिणीने माझ्या पदरात जरा निराळाच विषय टाकला आहे. संकेतस्थळावरची मार्गदर्शक यादी, जिला सगळे ‘मेन्यू’ म्हणतात, ती एकदाच करून सर्व पानांवर कशी वापरावी, याविषयी मी बोलायचे आहे. विषयाचे नाव ऐकून मागच्या रांगेतल्या दोघी मावशींनी पिशव्या आवरायला घेतलेल्या मला दिसतात. मावशी, दहा मिनिटे बसा. हे काम चकल्या पाडण्यापेक्षा अवघड नाही, हे मी तुम्हांला पटवून देणार आहे. आणि न पटले तर खुशाल उठा.

आपल्या मंडळाचे संकेतस्थळ करायचे, हे आपण सर्वांनी मिळून ठरवले आहे. हळदीकुंकवाच्या आणि शिबिरांच्या तारखा, बचत गटांची माहिती, आपल्या भगिनींनी केलेल्या लोणची-पापडांची मागणी कुठे नोंदवायची, हे सारे त्यावर असावे अशी आपली इच्छा आहे. इच्छा चांगली आहे. परंतु संकेतस्थळ तयार होते त्या दिवशी पेढे वाटले जातात आणि वर्षभरात ते पडीक रानासारखे होते, असे अनेक ठिकाणी घडते. माझ्या परिचयाच्या एका संस्थेत असेच झाले. नाव सांगण्याचे कारण नाही. तिथे चाळीसएक पाने होती आणि प्रत्येक पानावर ती मार्गदर्शक यादी स्वतंत्रपणे उतरवलेली होती. संस्थेचा दूरध्वनी क्रमांक बदलला. पहिल्या पानावर तो दुरुस्त झाला, आतल्या पानांवर जुनाच राहिला. आतल्या पानावरून क्रमांक घेणाऱ्या बायका आठवडेच्या आठवडे भलत्याच माणसाला फोन करीत राहिल्या. त्या सद्‌गृहस्थांना शेवटी काय वाटले असेल, ते तुम्हीच ताडा. आपल्याकडे असे होऊ नये, एवढ्यासाठी हे भाषण.

आता मेन्यू म्हणजे काय, ते आधी पाहू. आपले कामथडी पुणे-सातारा हमरस्त्यावर आहे. पुण्याच्या बाजूला चेलाडीचा फाटा, तिथून नसरापूर, बनेश्वर आणि पुढे वेल्ह्याकडे रस्ता जातो. साताऱ्याच्या बाजूला कापूरहोळ, तिथून एका अंगाला भोर आणि दुसऱ्या अंगाला नारायणपूर, सासवड. या दोन्ही फाट्यांवर पाट्या नसत्या, तर परगावच्या पाहुण्याने काय केले असते? थांबून कोणाला तरी विचारले असते. संकेतस्थळावर विचारायला कोणी उभे नसते. तिथे पाटीनेच सर्व सांगायचे असते. पानाच्या माथ्यावर किंवा कडेला जी पाच-सहा नावांची ओळ असते, ‘मुखपृष्ठ’, ‘कार्यक्रम’, ‘बचत गट’, ‘संपर्क’ अशी, तीच ही पाटी. नावावर बोट ठेवले की त्या पानावर जाऊन पोहोचावे, इतकाच तिचा धर्म.

पाटी म्हटली की ती जुनी होण्याचा प्रश्न आलाच. आपल्या शेजारच्या तालुक्याचेच पाहा. २०२४ च्या मार्च महिन्यात राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याचे नाव ‘राजगड’ करण्यास मान्यता दिली. शिवरायांनी जिथून राज्यकारभार केला त्या गडाचे नाव तालुक्याला मिळाले, याचा आनंद कोणाला होणार नाही? पण आनंद झाला तरी पाट्या आपोआप बदलत नाहीत. जिथे जिथे तालुक्याचे नाव रंगवलेले असते, कचेरीच्या दारावर, शाळेच्या भिंतीवर, शिक्क्यावर, कागदाच्या माथ्यावर, तिथे तिथे कोणीतरी जाऊन ते बदलावे लागते. एखादी पाटी रानात विसरून राहते आणि मग नवा माणूस गोंधळतो : वेल्हे निराळे की राजगड निराळा?

संकेतस्थळाचे अगदी असेच आहे. समजा, आपली सहा पाने आहेत आणि प्रत्येक पानावर सहा नावांची यादी हाताने लिहिली आहे. उद्या ‘शिवणवर्ग’ नावाचे सातवे पान आले, तर जुन्या सहाही पानांत जाऊन नवे नाव घालावे लागेल, शिवाय सातव्या पानावर सगळी यादी पुन्हा लिहावी लागेल. सात ठिकाणी हात लावणे आले. साठ पाने असती तर एकसष्ट ठिकाणी. माणूस तिसाव्या पानाला कंटाळतो, चाळिसाव्याला चुकतो आणि पन्नासाव्याला म्हणतो की उद्या बघू. तो उद्या येत नाही. म्हणून ही यादी एकाच ठिकाणी लिहून ठेवायची आणि सर्व पानांनी ती तिथून घ्यायची, अशी युक्ती निघाली. १९९९ साली अँड्र्यू हंट आणि डेव्हिड थॉमस या दोघांनी संगणककारांसाठी लिहिलेल्या पुस्तकात हा नियमच घालून दिला, की कोणतीही माहिती एकाच जागी असावी, तिची पुनरुक्ती करू नये. आपल्या आज्या हेच निराळ्या शब्दांत सांगत : मीठ एकदाच आणि एकीनेच घालावे.

ही युक्ती साधायच्या तीन रीती आहेत, आणि त्या समजायला मला चकलीच्या साच्याइतका चांगला दाखला सापडला नाही.

पहिली रीत म्हणजे पाहुणा पाटावर बसला की कढईतून गरम गरम काढून वाढणे. आपली पाने जिथे ठेवलेली असतात त्या दूरच्या संगणकाला सर्व्हर म्हणतात. कोणी पान मागितले, की तो सर्व्हर पानाचा मजकूर घेतो, यादीचा वेगळा तुकडा घेतो, दोन्ही जोडतो आणि धाडून देतो. यादीच्या तुकड्यात बदल केला, की पुढच्या पाहुण्याला नवीच यादी मिळते. रासमुस लेर्डोर्फ यांनी १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेली पीएचपी ही संगणकाची भाषा अशा जोडकामासाठी जगभर वापरली गेली. वर्डप्रेस हे संकेतस्थळे चालवायचे विनामूल्य साधन याच भाषेत लिहिलेले आहे. २०१० साली आलेल्या त्याच्या तिसऱ्या आवृत्तीत यादी करायची स्वतंत्र सोय आली. नावे उचलून वर-खाली ठेवायची, जतन करायचे, झाले.

दुसरी रीत दिवाळीची. सगळ्या चकल्या आधीच पाडून, तळून, डबा भरून ठेवायच्या. संगणकावर यादीचा साचा एक, पानांचे मजकूर निराळे. एक आज्ञा दिली की यंत्र साठच्या साठ पाने पुरी करून ठेवते. पाहुणा आला की डबा उघडायचा. वाढायला वेळ लागत नाही आणि मोडण्यासारखेही फारसे काही नसते. यादी बदलली तर डबा पुन्हा भरावा लागतो खरा. पण इथे तळणारे यंत्र आहे, काही क्षणांत सारे उरकते. आपल्यासारख्या लहान संस्थेला ही रीत फार सोयीची.

तिसरी रीत मला मनापासून आवडत नाही. तिच्यात पीठ आणि साचा दोन्ही पाहुण्याच्या घरी पाठवतात आणि म्हणतात, तुम्हीच तुमच्या चुलीवर पाडून घ्या. म्हणजे यादी जोडण्याचे काम वाचणाऱ्याच्या फोनवर, जावास्क्रिप्ट या भाषेतल्या सूचनांनी होते. फोन नवा असेल, नेट चांगले असेल, तर काहीच कळून येत नाही. पण जुना फोन असेल, डोंगराआड नेट तुटक येत असेल, तर पान उघडते आणि पाटीची जागा कोरी राहते. मोठमोठ्या कंपन्या या रीतीने कामे करतात आणि त्यांना त्याची कारणेही आहेत. आपल्या सहा नावांसाठी पाहुण्याची चूल पेटवायला लावू नये, असे माझे मत आहे.

इथे कोणी विचारील, की हे सारे इंग्रजीत चालत असेल, मराठीत कोणी केले आहे का? केले आहे, आणि फार मोठ्या प्रमाणावर केले आहे. मराठी विकिपीडिया हा ज्ञानकोश १ मे २००३ रोजी, महाराष्ट्रदिनी, सुरू झाला. कोणीही वाचावा, कोणीही भर घालावी, असा तो कोश. आज त्यात नव्वद हजारांहून अधिक लेख आहेत. ते लिहिणारे बहुतेक लोक आपापले काम सांभाळून, विनामोबदला लिहितात. इतक्या पानांवर हाताने यादी लिहीत बसले असते, तर ज्ञानकोश बाजूलाच राहिला असता.

त्यांनी काय केले? पानाच्या कडेला ‘मुखपृष्ठ’, ‘अलीकडील बदल’ अशा नावांची जी यादी दिसते, ती एका पानावर एकदाच लिहून ठेवलेली असते. तिथे एक शब्द बदलला की तो सर्व लेखांच्या कडेला बदलतो. दुसरी सोय त्याहून हुशारीची. वारंवार लागणारा मजकूर एका वेगळ्या पानावर ठेवायचा आणि लेखात जिथे तो हवा असेल तिथे दुहेरी महिरपी कंसांत त्या पानाचे नाव लिहायचे. वाचणाऱ्याला कंस दिसत नाही, पुरा मजकूर दिसतो. अशा पानाला मराठी विकिपीडियाने नाव दिले आहे ‘साचा’. भगिनींनो, हा शब्द कोणी कोशातून शोधून काढलेला नाही. तो तुमच्याआमच्या फडताळातला आहे.

पुणे जिल्ह्यातील तालुक्यांचीही तिथे एक चौकट आहे. भोर, पुरंदर, मुळशी, मावळ अशी नावे तीत ओळीने येतात. एका तालुक्याच्या लेखाच्या तळाशी येऊन तुम्ही शेजारच्या तालुक्यावर बोट ठेवलेत की तिथे जाऊन पोहोचता. हीच ती पुन्हा पुन्हा वापरता येणारी पाटी. अशा चौकटीत ‘वेल्हे’च्या जागी ‘राजगड’ हे नाव एका जागी लिहिले, की चौकट जिथे जिथे वापरली आहे तिथे सर्वत्र ते उमटते; मोठ्या कामाला थोडा अवधी लागतो इतकेच, कारण यंत्र पाने रांगेने नवी करीत जाते. हमरस्त्यावरची पाटी रंगवायला शिडी लागते. इथे एका बाईला, घरी बसून, एका दुपारी ते करता येते.

तेव्हा साचा करावा, हे ठरले. पण साचा कसा असावा? माझ्या अनुभवावरून पाच गोष्टी सांगते.

पहिली गोष्ट : पत्ता पुरा लिहावा. आपण वाट सांगताना म्हणतो, ‘फाट्यावर उजवीकडे वळा.’ पुण्याकडून येणाऱ्याला ते बरोबर आहे. साताऱ्याकडून येणारा तेच ऐकून उलट दिशेला जाईल. एकच पाटी सगळ्या पानांवर लावायची, म्हणजे ती वाचणारा कोठे उभा आहे हे पाटीला ठाऊक नसते. संकेतस्थळाच्या पत्त्यात आरंभी एक तिरपी रेघ दिली, की वाट आपल्या संकेतस्थळाच्या उंबरठ्यापासून मोजली जाते. ती रेघ राहिली, तर वाचणारा ज्या दालनात असेल तिथून मोजली जाते. मग पहिल्या पानावर चालणारी यादी ‘बचत गट’ दालनाच्या आतल्या पानावर चुकते. यादी सर्वत्र वापरायला घेतली की बंद पडते, याचे कारण पुष्कळदा हेच असते. मात्र आपले संकेतस्थळ दुसऱ्या एखाद्या संस्थेच्या पत्त्याखाली, तिच्या वाड्यातल्या एका खोलीत असेल, तर उंबरठा वाड्याचा धरला जातो. तेव्हा रेघेनंतर खोलीचे नावही लिहावे.

दुसरी गोष्ट : शब्द आपल्या माणसांचे असावेत. यादीत ‘उपक्रम-विश्लेषण’ लिहिले, तर आपली एखादी काकू त्यावर बोट ठेवणार नाही. ‘यंदाचे कार्यक्रम’ लिहिले तर ठेवील. मराठी विकिपीडियावर चर्चेच्या जागेला ‘चावडी’ म्हणतात आणि सराव करून पाहण्याच्या पानाला ‘धूळपाटी’. ज्याने हे शब्द योजले त्याला माझा नमस्कार. तिथे काय चालते ते कोणाला समजावून सांगावे लागत नाही. नावे थोडी असावीत. सहा पुरेत, आठ फार झाली. आणि आपली मराठी नावे इंग्रजीपेक्षा लांब होतात, वर वेलांट्या आणि खाली उकार असतात. इंग्रजीसाठी बेतलेल्या चौकटीत ती कोंबली तर मात्रा कापल्या जातात. परकराचे माप घेताना जशी थोडी माया ठेवतो, तशी इथेही ठेवावी.

तिसरी गोष्ट : ‘आपण इथे आहात’ ही खूण. यादी सर्व पानांवर सारखी असली, तरी प्रत्येक पानावर तिच्यातले एक नाव निराळे दिसले पाहिजे, ते म्हणजे वाचणारा ज्या पानावर आहे त्याचे. साचा एकच, मग हे कसे साधावे? सोऱ्यासारखे. सोऱ्या एकच असतो. चकती बदलली की शेव पडते, चकती बदलली की चकली. तसे प्रत्येक पानाने साच्याला फक्त आपले नाव कळवायचे, ‘मी कार्यक्रमाचे पान’, आणि साच्याने तेवढ्या नावाला खूण करायची. बाकी सगळे सारखे. साच्याला बाहेरून द्यायची वस्तू जितकी थोडी, तितका साचा टिकाऊ. पुष्कळ जण एका साच्यात वीस चकत्यांची सोय करायला जातात आणि शेवटी तो कोणालाच फिरवता येत नाही.

चौथी गोष्ट : अंगठ्याचा विचार. आपल्यापैकी बहुतेकजणी संकेतस्थळ फोनवर पाहणार, एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात काहीतरी काम असताना. नावे एकमेकींना चिकटून असली, तर बोट एकीवर ठेवावे आणि उघडावी दुसरीच. संकेतस्थळांचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या आंतरराष्ट्रीय संस्थेने ऑक्टोबर २०२३ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत बोट ठेवायची जागा निदान २४ बाय २४ बिंदूंची असावी असे म्हटले आहे. मी म्हणते, दुप्पट ठेवा. आपली बोटे पिठाची असतात. फोनवर जागा थोडी, म्हणून यादी मिटून तिच्या जागी तीन आडव्या रेघा दाखवण्याची पद्धत आहे. ही खूण नॉर्म कॉक्स नावाच्या चित्रकाराने झेरॉक्स कंपनीच्या ‘स्टार’ या संगणकासाठी काढली. तो संगणक १९८१ साली बाजारात आला. खूण चाळीस वर्षांहून जुनी आहे, पण आपल्या सासूबाईंना ती कोणी शिकवलेली नाही. म्हणून रेघांच्या शेजारी ‘यादी’ हा शब्द लिहावा. दोन अक्षरांना काही खर्च येत नाही.

पाचवी गोष्ट मला सर्वांत जवळची वाटते. ज्यांना दिसत नाही किंवा कमी दिसते, त्यांनाही ही पाटी वाचता आली पाहिजे. पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी साधने आहेत. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातील अंध तरुणाने २००६ साली एनव्हीडीए नावाचे असे साधन तयार करायला घेतले, कारण तयार साधने फार महाग होती. ते आजही विनामूल्य मिळते. अशा साधनाला आपली यादी यादी म्हणून कळावी, यासाठी ती नुसत्या रंगीत चौकोनांनी सजवून भागत नाही. संकेतस्थळाची पाने ज्या एचटीएमएल भाषेत लिहितात, तिच्यात ‘नॅव्ह’ नावाची खूण आहे. २०१४ मध्ये तिच्या पाचव्या आवृत्तीला डब्ल्यूथ्रीसीची मान्यता मिळाली, तीत ती आहे. मार्गदर्शक यादी त्या खुणेच्या आत, नेहमीच्या यादीच्या रूपात लिहावी. मग साधन सांगते, ही यादी आहे, हिच्यात सहा नावे आहेत. पानाची भाषा मराठी, हेही नोंदवावे, नाहीतर साधन आपली मराठी इंग्रजी सुरात वाचू लागते. आणि यादीच्या आधी ‘थेट मजकुराकडे’ असा एक दुवा ठेवावा, म्हणजे ऐकणारीला प्रत्येक पानावर तीच सहा नावे पुन्हा ऐकावी लागत नाहीत. यातली मौज अशी, की हे सारे साच्यात एकदा केले की प्रत्येक पानावर आपोआप होते. चांगुलपणासुद्धा एका जागी केला की सर्वत्र पोहोचतो.

परंतु जे चांगुलपणाचे, तेच चुकीचेही. एका जागी चूक झाली तर तीही सर्वत्र पोहोचते, आणि तितक्याच वेगाने. खारट पिठाची एकच चकली खारट होत नाही. म्हणून मराठी विकिपीडियावर फार वापरातल्या साच्यांना कुलूप लावायची सोय आहे. ते बदलायचा अधिकार ‘प्रचालक’ म्हणून नेमलेल्या माणसांकडेच राहतो. बाकीच्यांनी धूळपाटीवर करून पाहावे. आपणही दोन पथ्ये पाळू. यादीत बदल करण्यापूर्वी जुनी प्रत बाजूला ठेवायची. आणि बदल केल्यावर स्वतःच्या फोनवर एकेका नावावर बोट ठेवून, प्रत्येक दार उघडते की नाही ते पाहायचे. सहा नावांना दोन मिनिटे लागतात.

आता शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा. हा साचा कोणाच्या हाती असावा? आपण संकेतस्थळ बाहेरच्या एखाद्या जाणत्या माणसाकडून करून घेऊ, त्याचे पैसे देऊ, त्याचे आभारही मानू. पण तो उद्या नोकरीनिमित्त दूर गेला, की शिवणवर्गाची वेळ बदलायला आपण त्याच्या फोनची वाट पाहत बसायची का? इतकी वर्षे मंडळाचा हिशेब आपण स्वतः लिहिला. वहीची किल्ली कधी परक्या हाती दिली नाही. मग पाटीची का द्यावी? म्हणून काम देतानाच त्याला तीन अटी घालाव्या, अशी माझी सूचना आहे. यादी एकाच ठिकाणी लिहिलेली असावी. ती जागा कोठे आहे आणि कशी बदलावी, हे मराठीत एका कागदावर लिहून मंडळाच्या दप्तरात ठेवावे. आणि संकेतस्थळाचे नाव मंडळाच्या नावावर नोंदलेले असून त्याच्या किल्ल्या, म्हणजे परवलीचे शब्द, कार्यकारिणीतल्या दोघींजवळ असावेत. एकीजवळ नको, एकीला घरची अडचण येऊ शकते.

ज्यांना शिकायचे आहे त्यांना मी शिकवीन. दहावी झालेल्या सुनांनी यावे, तसेच चौथीनंतर शाळा सुटलेल्या वहिनींनीही यावे. यादीतला एक शब्द बदलायला इंग्रजी यावे लागत नाही. शब्द मराठीच आहे. पहिल्या दिवशी धूळपाटीवर एक साचा करू, दुसऱ्या दिवशी तो मोडू, तिसऱ्या दिवशी पुन्हा करू. मोडल्याशिवाय कोणाला सोऱ्या फिरवता आला आहे?

मंडळात यापुढेही नवी कामे सुरू होतील, काही बंद पडतील, पदाधिकारी बदलतील, आणि एखाद्या तालुक्याचे नावही बदलेल. ते बदल आपल्या हातचे नसतात. पण आपल्या पाटीवर काल काय लिहिले होते आणि आज काय असावे, एवढे तरी आपल्या हाती राहू द्या. दूरच्या वस्तीवरची एखादी बाई रात्री कामे आटोपून फोन उघडील, ‘शिवणवर्ग’ या नावावर अंगठा ठेवील आणि तिला खरी तारीख, खरी वेळ दिसेल, तेव्हा आपले संकेतस्थळ झाले असे मी समजेन.

मागच्या रांगेतल्या मावशी अजून बसल्या आहेत.  शिकवणीसाठी नावे द्यायची असतील त्यांनी चहाच्या वेळी माझ्याकडे द्यावीत. वही आणली आहे.